सुलतानाची जहाजे आणि आमची यादी

दर रमजानमध्ये आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक गोष्ट फिरते. आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी दहा हजार पौंड द्यायचे ठरवले. पण राणी व्हिक्टोरियाने स्वतः दोनच हजार दिले होते, म्हणून सुलतानाला एक हजारावर थांबायला सांगितले गेले. मग त्यांनी धान्याने भरलेली जहाजे गुपचूप ड्रॉहेडा बंदरात पाठवली. त्या शहराच्या चिन्हात आजही चाँद-तारा आहे. खाली माशाअल्लाहची रांग. मीही ही गोष्ट चार-पाच वेळा पुढे पाठवली आहे.

गेल्या वर्षी डब्लिनला आपाकडे गेलो, तेव्हा स्ट्रोक्सटाउनचे राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय पाहायचे ठरवले. खरे सांगतो, तिथेही मी सुलतानालाच शोधायला गेलो होतो.

संग्रहालय एका जमीनदाराच्या वाड्याच्या तबेल्यात आहे. वाडा महॉन घराण्याचा. स्वयंपाकघराला वरून सज्जा आहे. मालकीणबाई तिथूनच आठवड्याच्या जेवणाची यादी खाली टाकत. नोकर पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून भुयार आहे. या घराची कागदपत्रे सापडली म्हणून हे संग्रहालय उभे राहिले. त्यात ऑगस्ट १८४६ चा, क्लूनाही गावच्या कुळांनी मालकाला केलेला अर्ज आहे. बटाटा गेला, दुसरे धान्य नाही, पोरांचे भुकेने रडणे आता ऐकवत नाही, एवढेच ते सांगतात. मालकाचे उत्तर पुढच्या मे महिन्यात दिसते. १,४९० कुळांना कॅनडाला पाठवायचे ठरले. ती माणसे कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत सुमारे १६५ किलोमीटर चालत गेली, तिथून लिव्हरपूल, तिथून जहाज. त्यांतली शेकडो माणसे वाटेतच मेली. त्याच नोव्हेंबरात मालक मेजर डेनिस महॉन गोळी लागून मेला.

बटाट्यावर करपा पडला १८४५ मध्ये. तोच करपा बेल्जियम-हॉलंडमध्येही पडला होता, पण तिथे एवढी माणसे मेली नाहीत. आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. ओट, लोणी, जनावरे मात्र जहाजांतून इंग्लंडला जातच होती. १८४७ मध्ये बाहेरून मकाही भरपूर आला, हेही खरे. पण ज्याच्या खिशात दमडी नाही, त्याला बाजारातल्या मक्याचा काय उपयोग?

मला अस्वस्थ केले ते आकड्यांपेक्षा त्या काळच्या बोलण्याने. आयरिश माणूस आळशी आहे. त्यांना पोरे फार होतात. ते धर्मगुरूंच्या तालावर नाचतात. मदत दिली तर कायमचे हात पसरतील. लंडनमध्ये मदतीची सूत्रे हातात असलेला अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन याला तर या दुष्काळात ईश्वरी योजना दिसत होती. (हा आधी कंपनी सरकारच्या नोकरीत आपल्याकडे होता, पुढे मद्रासचा गव्हर्नरही झाला.) ही वाक्ये वाचताना मला भाषांतराची गरज पडली नाही. रेल्वेच्या डब्यात, कॉलेजच्या कट्ट्यावर ती मी ऐकली आहेत. आपल्याबद्दल.

इथपर्यंत माझे सगळे नीट चालले होते. आपण आयरिश, समोरचे ते इंग्रज. मग सूपचा विषय आला.

१८४७ च्या उन्हाळ्यात सरकारने सूपकेंद्रे काढली आणि जुलैमध्ये तीस लाख लोक रोज तिथे जेवत होते. म्हणजे खाऊ घालता येत होते! तरी थोड्याच महिन्यांत ती बंद केली आणि गरिबांचा भार स्थानिक करांवर ढकलला. वर अट घातली: पाव एकरापेक्षा, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा गुंठ्यांपेक्षा जास्त जमीन कसत असाल तर मदत नाही. जमीन सोडा, मग खा. क्वेकर पंथाच्या लोकांनी देगा चढवल्या आणि कुणाला धर्म विचारला नाही. काही प्रोटेस्टंट मिशनांनी मात्र वाडग्याबरोबर आपला धर्म पुढे केला. ज्या कॅथलिकांनी तो घेतला त्यांना गावाने 'सूपर' म्हणून हिणवले आणि ते नाव त्यांच्या नातवंडांनाही चिकटले.

अटी घालून देणे आपल्या दख्खननेही भोगले आहे. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपलने खडी फोडणाऱ्या मजुराची रोजी एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली.

पण मला टेंपल आठवला नाही. मला माझी वही आठवली.

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या मोहल्ल्यात रेशनच्या किटची यादी मी केली होती. रकाने तीन: नाव, घरात माणसे किती, कोणत्या मशिदीचे. दुसऱ्या मसलकच्या मशिदीतली दोन घरे मी स्वतः खोडली. गल्लीच्या टोकाला भाजी विकणारी मावशी राहायची. हातगाडी बंद होती. तिने विचारले, "बाळा, माझं नाव लिहिलंस का?" मी म्हणालो, "मावशी, जकातीचे पैसे आहेत, आमच्यातच द्यावे लागतात." ती "बरं बाळा" म्हणून गेली. जकातीबद्दल मशिदीत तेच शिकवतात, पण त्या पेटीत सदक्याचे पैसेही होते आणि सदका कुणालाही देता येतो, हे मला मदरशात असल्यापासून माहीत होते. सूरह दहरमध्ये कैद्यालाही खाऊ घालणाऱ्यांचा उल्लेख आहे, आणि त्यांना बदल्यात आभारही नको असतात. आम्ही प्रत्येक किटबरोबर फोटो काढत होतो.

आता सुलतान. एक हजार पौंडांची नोंद पक्की आहे, आयर्लंडच्या प्रतिष्ठितांनी त्यांना लिहिलेले आभारपत्र तुर्कस्तानात जपलेले आहे. जहाजांना मात्र भक्कम पुरावा नाही, आणि ड्रॉहेडाचा चाँद-तारा दुष्काळाच्या कितीतरी आधीचा आहे. मला वाटते, जहाजे नसली तरी बिघडत नाही. एका मुसलमान बादशहाने दूरच्या ख्रिस्ती लोकांसाठी पैसे पाठवले आणि त्यांना काही विचारले नाही, एवढे खरे आहे. त्याच १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनीही १७० डॉलर जमवून पाठवले होते. त्यांना स्वतःच्या मुलखातून हाकलल्याला वीस वर्षेही झाली नव्हती. आम्ही मात्र सुलतानाचा अभिमान पुढे पाठवला आणि मावशीला मागे.

परत आल्यावर मी कमिटीच्या चाचांना म्हणालो, यंदा यादीतला मशिदीचा रकाना काढून टाकू, फोटोही नको. चाचा वाईट नाहीत. टाळेबंदीत साठी उलटलेली असूनही रोज पोती उचलत होते. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, रकान्यावर बोट ठेवले आणि विचारले, "मग बेटा, आपला कोण ते कळणार कसं?"

वही अजून त्यांच्याकडेच आहे. रमजानला सहा आठवडे आहेत. पुढच्या जुम्म्याला पुन्हा जाणार आहे, या वेळी मोहल्ल्यातली आणखी चार पोरे बरोबर घेऊन.