सांताक्लॉजचा बोजारा

डिसेंबर उजाडला की आमच्या कळंबातही हल्ली लाल टोप्या दिसू लागतात. हे चिंतामणीचे गाव. देवाच्या दर्शनाला इथे पायऱ्या उतरून जमिनीखाली जावे लागते. नाताळ म्हणजे शाळेची सुटी, यापलीकडे आमच्या पिढीला त्या सणाची फारशी ओळख नव्हती. यवतमाळला मात्र १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, म्हणजे जिल्ह्याला तो सण अगदीच परका नव्हता. आता तर बालवाडीतली पोरे कापसाची दाढी लावून घरी येतात. कापूस आमच्याच जिल्ह्याचा, तेव्हा त्या दाढीविषयी तक्रार कशी करावी?

तक्रार नाहीच. लहानग्यांसाठी घरातल्या मोठ्यांनी वर्षातून एखादा दिवस खोटे खोटे वागावे, यासारखी गोड गोष्ट नाही. निजताना मोजा टांगायचा आणि सकाळी तो फुगलेला पाहून, जणू आपल्याला काही ठाऊकच नाही, असा चेहरा करायचा. हॉलंडात मुले डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री बूट मांडून ठेवतात आणि संत निकोलसच्या घोड्यासाठी त्यात गाजर घालतात. गोव्यात मुले नाताळाआधी धान्य पेरून कोवळे अंकुर वाढवतात. तेच बाळ येशूच्या गोठ्यातले गवत. आपल्या घटस्थापनेची आठवण व्हावी असाच हा प्रकार. या साऱ्या खेळांत खर्च थोडा आणि वाट पाहणे फार. मुलांना सण लक्षात राहतो तो त्या वाट पाहण्यामुळे.

पण गेल्या नाताळानंतरची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नातू ओसरीवर बसून सांताने दिलेली मोटार फिरवत होता. शेजारचा पाच वर्षांचा मुलगा शेजारी उभा राहून पाहत होता. त्याच्या वडिलांची थोडीशी कोरडवाहू शेती. त्या वर्षी कापसाने दगा दिलेला. बराच वेळ गप्प राहून त्याने मला विचारले, ‘‘आबाजी, मी तं कोणालेच मारलं नाई. मंग सांता आमच्या घरी काऊन नाई आला?’’

मी निरुत्तर झालो. सांताजवळ म्हणे चांगल्या आणि वाईट मुलांची यादी असते. मी बँकेत अधिकारी होतो. कर्ज द्यायचे तर माणसाची पत पाहावी लागते, माझी नोकरीच ती होती. पण पाच वर्षांच्या पोराची पत कोणी तपासावी? भेट येते बापाच्या खिशातून आणि ती आली नाही की मूल दोष काढते स्वतःच्या वागण्यात. ज्या जिल्ह्यात एका पावसाच्या लहरीवर घरातले सणवार ठरतात, तिथे हा हिशेब फार निर्दय आहे.

आणि मूळ कथेत ही यादी नाहीच. संत निकोलस चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा गावाचा बिशप होता. एका गरीब बापाला तीन मुलींच्या हुंड्याची विवंचना होती. निकोलसने रात्री गुपचूप त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. मुली गुणी आहेत की हट्टी, हे त्याने विचारले नाही. त्याने गरज पाहिली आणि आपले नाव लपवले.

आपल्या विदर्भातला तान्हा पोळाही याच वळणाचा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला, असे सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरे लाकडी नंदी ओढत दारोदार जातात. घरची आजी ताट घेऊन बाहेर येते, लाकडाच्या बैलाला कुंकू लावते, ओवाळते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. कधी नाणे, कधी खाऊ. बैल लाकडाचा आहे हे पोराला ठाऊक, आजीलाही ठाऊक. दोघेही गंभीरपणे खेळतात, म्हणून पुढे कोणाचा भ्रमनिरास होत नाही. आणि ‘तू शहाण्यासारखा वागलास का?’ असे कोणी विचारत नाही. नंदीचे एक चाक निखळलेले असले तरी बोजारा मिळतो. हल्ली तिथेही सजावटीच्या स्पर्धा आणि बक्षिसे शिरली आहेत, हे खरे. पण दारावर आलेल्याला रिकामे पाठवायचे नाही, ही मूळ रीत अजून शाबूत आहे.

सांताला आपल्या घरात घ्यायचे तर याच रीतीने घ्यावे. यादी काढून टाकावी. ‘हट्ट केलास तर सांता येणार नाही’ हा धाक तर मुळीच नको. आणि सांता खरा की खोटा, असे मूल एक दिवस विचारणारच. १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘द सन’ या दैनिकाला व्हर्जिनिया ओहॅनलन या आठ वर्षांच्या मुलीने हेच विचारले होते आणि संपादकीय स्तंभातून तिला होकारार्थी उत्तर मिळाले. आपण इतकेच सांगावे, ‘आता तू मोठा झालास, यंदा धाकट्यांचा सांता तू.’ गुपित फुटल्याचे दुःख मग राहत नाही, उलट बढती मिळाल्याचा आनंद होतो.

पाश्चात्य घरांत मोज्याच्या टोकाशी एक संत्रे ठेवायची जुनी चाल आहे. संत्र्यांना विदर्भात काय तोटा! यंदा आमच्या ओसरीवर दोन मोजे टांगले जाणार आहेत. शेजाऱ्यांशी बोलून ठेवले आहे. पोराच्या मोज्यात काय घालायचे ते त्याचे वडीलच ठरवतील आणि रात्री तेच येऊन घालतील. संत्री मात्र दोन्ही मोज्यांत सारखी. सकाळी ती दोन पोरे धावत येतील, तेव्हा मला काहीही ठाऊक नसेल.