पितळेची मोड

शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात ‘निर्लेखित’ हा शब्द ज्या सहजतेने लिहिला जातो, त्या सहजतेने मी कधी पोराला नापासही केलेले नाही. आमच्या नंदुरबारकडच्या एका शाळेत दोन बिगुल आणि एक ट्रंपेट असे मोडीत निघाले. कारण काय, तर ‘पोचे पडले आहेत’! समिती बसली, चहा झाला, ठराव झाला आणि वाद्ये किलोच्या भावाने भंगारवाल्याच्या तराजूत गेली. पंधरा ऑगस्टला झेंड्याची सलामी मोबाइलमधून वाजली. ज्या गावात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा शाळकरी पोर गोळीला सामोरा गेला, त्याच्या जिल्ह्यात आता पोरांच्या छातीतली फुंकसुद्धा यंत्राने भरायची!

अहो, पोचा म्हणजे मरण नव्हे. दिवाळीत समया चिंचेने घासताना आजीचा पोचलेला हंडा माळ्यावरून निघतो, तेव्हा त्याला कोणी निर्लेखित करते काय? पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ठोकून कडक होते, तापवले की पुन्हा मऊ येते. बिगुलाच्या रुंद तोंडाचा पोचा आतून गोल दांड्याचा आधार देऊन मोगरीने हलक्या हाताने निघतो, आणि त्याने सूर फारसा बिघडतही नाही. फुंकणीजवळच्या अरुंद नळीतला पोचा मात्र नडतो. तिथे नळी सोडवून आतून पोलादी गोळी सरकवावी लागते. सांध्यातून हवा जात असेल तर डाग द्यावा. ट्रंपेटचे तीन दट्टे झिजले असतील तर काम नाजूक खरे. त्यासाठी बँडची वाद्ये बनवणारे मेरठच्या जाली कोठीतले कारागीर आहेत. नळीवर तांबूस ठिपके उमटले, तर आतले जस्त निघून चालले आहे. ती नळी बदलावीच लागते. एवढे पाहायला समिती कशाला, डोळे पुरेत.

“दुरुस्तीपेक्षा नवे स्वस्त,” असे सांगणारे शहाणे भेटतात. दुरुस्तीचा भाव त्यांनी कुणाला विचारलेला असतो? खानदेशात वऱ्हाडापुढे बँड वाजवणारी माणसे आपले ट्रंपेट स्वतःच सांभाळतात. लग्नसराई संपली की आषाढात ती रिकामीच असतात. पुढच्या ठरावाआधी त्यांतल्या एकाला शाळेत बोलवा, मानाने खुर्ची द्या, मजुरी आधी ठरवा, आणि ते वाद्य त्याच्या ओठाला लावू द्या. त्याने सांगितले की संपले, तर मग खुशाल तराजू काढा.