गोळ्या मोफत मिळाल्या, पण सीबीसीचे काय?

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातील एक यंत्रमाग कामगार प्लास्टिकची पिशवी घेऊन आमच्या मदत केंद्रात आले. वय ५२. पिशवीत हिपॅटायटिस सीच्या गोळ्या होत्या आणि एका खासगी लॅबचा रिपोर्ट. हिमोग्लोबिन ९.४. त्या आकड्याखाली कुणीतरी लाल पेनने रेघ ओढलेली. महिन्याभरापूर्वी, उपचार सुरू करताना, हाच आकडा १२.३ होता. "ये दवा मेरा खून सुखा रही है," एवढेच ते म्हणाले. नऊ दिवसांपासून त्यांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या होत्या. कुणी सांगितले, असे विचारले तर म्हणाले, सगळ्यांनीच सांगितले. शेजाऱ्यांनी, साळ्याने, मेडिकलवाल्याने.

डॉक्टरांनी काय सांगितले होते? दोन आठवड्यांनी रक्त तपासून या, असे. पण ते रुग्णालय आमच्या गावापासून दोन बस बदलून जाण्याइतके दूर आहे. रक्त द्यायला एक दिवस, रिपोर्ट दाखवायला दुसरा. मागावर ज्या दिवशी माणूस उभा नाही त्या दिवशी मजुरी नाही. त्यांनी दुसऱ्या आठवड्याची तपासणी चुकवली आणि चौथ्या आठवड्यात धाप लागू लागली तेव्हा जवळच्या खासगी लॅबमध्ये स्वतःच्या खिशातून पैसे भरून रक्त तपासले. रिपोर्ट हातात आला, पण तो वाचून दाखवणारे कुणी नव्हते.

हा लेख त्या न वाचल्या गेलेल्या रिपोर्टबद्दल आहे.

आपल्या देशात हिपॅटायटिस सीचा उपचार आज मोफत आहे आणि ही लहान गोष्ट नाही. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुव्हिर बाजारात आले तेव्हा १२ आठवड्यांच्या कोर्सची किंमत ८४,००० डॉलर होती, म्हणजे एक गोळी १,००० डॉलरची. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले, किमती कोसळल्या आणि २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. तेव्हापासून शासकीय उपचार केंद्रांत तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. सिरॉसिस नसलेल्या रुग्णाला सोफोसबुव्हिर आणि डाक्लाटास्व्हिर या दोन गोळ्या रोज, ८४ दिवस. बहुतेक जण त्यात पूर्ण बरे होतात आणि त्यांच्या रक्ताच्या आकड्यांना धक्काही लागत नाही.

याआधीचा काळ ज्यांनी पाहिला आहे ते विसरणार नाहीत. दर आठवड्याला इंटरफेरॉनचे इंजेक्शन, सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या, २४ ते ४८ आठवडे. इंटरफेरॉनने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरायच्या, रिबाव्हिरिनने हिमोग्लोबिन. मग आकडे सावरण्यासाठी एरिथ्रोपोएटिनची आणि पांढऱ्या पेशी वाढवणारी वेगळी इंजेक्शने, त्यांचा वेगळा खर्च. विषाणूपेक्षा रक्ताचे आकडे सांभाळण्यातच घर रिकामे व्हायचे. इंटरफेरॉन गेले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. त्या सुटकेत एक गोष्ट मात्र नजरेआड झाली. रिबाव्हिरिन गेलेली नाही.

ज्यांचे लिव्हर फार बिघडले आहे, म्हणजे सिरॉसिस होऊन पोटात पाणी झाले आहे, कावीळ उतरत नाही किंवा रक्ताची उलटी होऊन गेली आहे, त्यांना सोफोसबुव्हिर-व्हेल्पाटास्व्हिरबरोबर १२ आठवडे रिबाव्हिरिनही दिली जाते. म्हणजे सगळ्यात अशक्त रुग्णाच्या वाट्याला सगळ्यात जास्त देखरेख लागणारे औषध येते. आणि नेमका हाच रुग्ण दोन बस बदलू शकत नाही.

रिबाव्हिरिनने रक्त कमी का होते, हे समजले तर अर्धी भीती जाते. हे औषध तांबड्या पेशींच्या आत शिरते, तिथे साठते आणि सहजी बाहेर पडत नाही. त्यामुळे त्या पेशी आयुष्य संपण्याआधीच फुटतात. घट साधारण पहिल्या दोन ते चार आठवड्यांत दिसते. म्हणूनच दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्याची सीबीसी चुकवायची नसते. लोह कमी पडल्यामुळे हे रक्त कमी होत नाही. फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहते. आपल्याकडे मात्र रक्त कमी म्हटले की बीट, डाळिंब, खजूर आणि मेडिकलमधून लोहाचे टॉनिक सुरू होते. खजूर खायला कुणाची हरकत नाही. पण लोहाची कमतरता तपासून सिद्ध झाल्याशिवाय टॉनिक घेणे म्हणजे आधीच आजारी लिव्हरवर जादा लोहाचा बोजा टाकणे होय. आमच्या त्या भाईंनी अशा दोन बाटल्या संपवल्या होत्या.

मग करायचे काय? डॉक्टरांकडे याचे ठरलेले उत्तर आहे आणि ते रुग्णालाही ठाऊक असायला हवे. हृदयविकार नसलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले तर रिबाव्हिरिनचा डोस कमी करतात, ८.५ च्या खाली गेले तर ती थांबवतात. हृदयविकार असेल तर चार आठवड्यांत २ ग्रॅमची घट झाली तरी डोस कमी करावा लागतो. किडनी कमजोर असेल तर औषध शरीरात जास्त साठते, म्हणून सुरुवातच कमी डोसने करतात. आणि रिबाव्हिरिन मुळीच सोसत नसेल तर तिच्याशिवाय सोफोसबुव्हिर-व्हेल्पाटास्व्हिर १२ ऐवजी २४ आठवडे देण्याचा मार्ग आहे. तोही मोफतच. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. कमी होते किंवा थांबते ती रिबाव्हिरिन. विषाणूला मारणारी मुख्य गोळी चालूच राहते.

आमच्या रुग्णाचा आकडा ९.४ होता. त्यांना डोस कमी करायचा होता. त्यांनी सगळेच बंद केले आणि मुख्य गोळीही नऊ दिवस चुकवली, कारण दोन औषधांतला फरक त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. मी याचा दोष त्यांना देऊ शकत नाही. ज्या ओपीडीत एका डॉक्टरसमोर शंभर माणसे उभी असतात, तिथल्या डॉक्टरलाही पूर्ण दोष देऊ शकत नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे जी गोळीचा हिशेब ठेवते आणि तपासणीचा ठेवत नाही.

प्लेटलेटची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याबद्दलची घबराटही. डेंग्यूने आपल्याला शिकवले आहे की प्लेटलेट घसरल्या की धावपळ करायची, पपईच्या पानांचा रस शोधायचा. सिरॉसिसच्या रुग्णाच्या प्लेटलेट मात्र उपचारापूर्वीच कमी असतात. लिव्हर कडक झाल्यामुळे प्लीहा सुजते आणि प्लेटलेट तिथे अडकून राहतात. त्या नव्या गोळ्यांमुळे घसरलेल्या नसतात आणि केवळ त्या कमी आहेत म्हणून उपचार थांबवायचा नसतो. उलट त्या कमी आहेत हीच लिव्हर किती बिघडले आहे याची खूण असते; उपचार केंद्रातील डॉक्टर प्लेटलेटचा आकडा धरूनच त्याचा अंदाज काढतात. पपईच्या रसाने प्लीहा लहान होत नाही. मात्र दात काढण्यापूर्वी प्लेटलेटचा आकडा सांगायला हवा. आणि हिजामा करून घेण्यापूर्वीही. आपल्या वस्त्यांत हिजामाचे बोर्ड वाढले आहेत म्हणून स्पष्ट लिहितो: ज्याच्या प्लेटलेट पन्नास हजारांवर आल्या आहेत त्याच्या पाठीवर पाती चालवणे धोक्याचे आहे, आणि एकाची पाती दुसऱ्याला वापरणे हा तर हिपॅटायटिस सी पसरवण्याचाच मार्ग आहे.

स्त्रियांचा प्रश्न आणखी बिकट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. जिचे हिमोग्लोबिन मुळातच साडेदहा आहे तिच्याकडे २ ग्रॅम गमवायला कुठे आहेत? तिच्या बाबतीत लोहाची कमतरता खरोखर असू शकते. ती उपचारापूर्वी शोधून भरून काढणे हेच शहाणपण. शिवाय रिबाव्हिरिन गर्भाला घातक आहे. पत्नी घेत असो वा पती, उपचारादरम्यान आणि नंतर सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते. ही गोष्ट आपल्या घरांत कुणी उघड बोलत नाही, आणि ओपीडीत पुरुष डॉक्टरांसमोर तर नाहीच. थॅलेसेमियाच्या मुलांचेही सांगायला हवे. २००१ पासून दान केलेल्या प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची झाली. त्याआधी रक्त चढवलेल्या अनेकांना रक्तातूनच हा आजार लागला. अशा रुग्णांना रिबाव्हिरिन देत नाहीत, आणि नव्या गोळ्यांमुळे त्यांचा उपचार तिच्याशिवाय शक्य झाला आहे. पालकांनी हे आवर्जून विचारावे.

रमजानचा विषय दरवर्षी येतो. रिबाव्हिरिन दिवसातून दोनदा जेवणाबरोबर घ्यायची असते, त्यामुळे सेहरी आणि इफ्तारला ती बसते असे कागदावर दिसते. पण पोटात पाणी झालेला, ९ हिमोग्लोबिनचा माणूस दिवसभर पाण्याशिवाय राहणे ही वेगळीच गोष्ट आहे. आजाऱ्याला शरीयतने सवलत दिली आहे, कजाची आणि फिदयाची वाट ठेवली आहे. घरातील बुजुर्गांनी आणि मशिदीच्या इमाम साहेबांनी हे अशा रुग्णाला स्वतःहून सांगितले, तर त्याच्यावरचे ओझे हलके होते. तो स्वतःहून विचारायला लाजतो.

आता शासनाकडे वळू. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सारे मोफत झाले. चांगला निर्णय. पण त्या निर्णयात वैद्यकीय शिक्षण विभागाची आणि महानगरपालिकांची रुग्णालये नव्हती. गुंतागुंतीच्या रुग्णांना मात्र बहुधा मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाकडेच पाठवले जाते. म्हणजे साधा रुग्ण मोफतच्या दारात आणि रिबाव्हिरिनचा रुग्ण पुन्हा खिडकीसमोर. हे उलटे आहे.

यासाठी नवी इमारत नको, नवे पद नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घेऊन ते महालॅबकडे पाठवण्याची व्यवस्था राज्यात आहे. रिबाव्हिरिन घेणाऱ्या रुग्णाची दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्याची सीबीसी त्याच्या गावाजवळच्या केंद्रात व्हावी आणि रिपोर्ट थेट उपचार केंद्राच्या डॉक्टरांकडे जावा, एवढेच मागतो आहोत. डोस कमी करायचा असेल तर तो निरोप फोनवर देता येतो; त्यासाठी आजारी माणसाला बसमध्ये बसवायची गरज नाही. गोळ्यांबरोबर मराठी आणि उर्दूत एक पानाची चिठ्ठी द्यावी: कोणती गोळी रिबाव्हिरिन, कोणती मुख्य, कोणत्या आकड्याला काय होईल, आणि धाप, छातीत दुखणे, चक्कर किंवा काळी शौच झाली तर त्याच दिवशी यावे. ही मागणी आम्ही जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदनाद्वारे दिली आहे आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विषय घ्यावा, असेही कळवले आहे. आपापल्या जिल्ह्यात आपणही ती द्यावी. निवेदनाची पोच घ्यायला विसरू नका.

तोवर मोहल्ल्याने जे करता येते ते करावे. आपले तरुण रक्तदान शिबिरे उत्तम घेतात, त्यांचे फोटोही छान येतात. त्याच तरुणांपैकी दोघांनी आपल्या वस्तीतील अशा रुग्णांच्या तपासणीच्या तारखा लिहून ठेवल्या आणि त्या दिवशी त्यांना मोटारसायकलवर नेले, तर कदाचित रक्ताच्या पिशवीची वेळच येणार नाही. रुग्णाचे नाव मात्र वहीबाहेर जाता कामा नये. हिपॅटायटिस सी म्हटले की लोक ताट वेगळे करतात, आणि एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही हे दहादा सांगावे लागते.

त्या भाईंना आम्ही दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात नेले. डॉक्टर रागावले, मग रिपोर्ट पाहिला, मुख्य गोळी त्याच दिवसापासून सुरू केली आणि रिबाव्हिरिन १,००० मिलिग्रॅमवरून ६०० वर आणली. तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.१ झाले. कोर्स संपला आहे. विषाणू गेला की नाही हे गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी होणाऱ्या चाचणीत कळते. चाचणी पुढच्या महिन्यात आहे. तारीख आमच्या वहीत लिहिलेली आहे आणि त्या दिवशी त्यांच्याबरोबर कोण जाणार तेही.