कागद नाही म्हणून घडलंच नाही?

या पानावर आपण एरवी टॅक्स, विमा, सोशल सिक्युरिटी असे विषय घेतो. यंदाचा विषय पॉटलकच्या टेबलावर कुणी काढत नाही, म्हणूनच इथे काढतो आहे.

आपली मुलं आता इथल्या सैन्यात जातात. कुणी आर.ओ.टी.सी.ची शिष्यवृत्ती घेतं, कुणी मेडिकल कॉलेजचा खर्च भागवायला जातं. मॅवनी योजनेत तर २०१६ पर्यंत हिंदी, उर्दू, पंजाबी अशा भाषा येणाऱ्या, ग्रीन कार्ड नसलेल्यांनाही भरती करून घेत. गणवेशातला फोटो आपण अभिमानाने दिवाणखान्यात लावतो. पण नोकरी सोडून घरी आलेली मुलगी गप्प गप्प का असते, हे विचारायला मात्र कचरतो.

नोकरीत असताना झालेला लैंगिक अत्याचार किंवा धमकीवजा लैंगिक छळ, याला व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे व्हीए, ‘मिलिटरी सेक्शुअल ट्रॉमा’ म्हणते. उपचाराला येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला तिथे याबद्दल विचारतात. सुमारे तीन स्त्रियांमागे एक आणि पन्नास पुरुषांमागे एक ‘हो’ म्हणतो. सैन्यात पुरुष जास्त, त्यामुळे त्यांची संख्याही लहान नाही. ‘मुलगा आहे, त्याला काय होणार’ हे मनातून काढून टाका.

१९९१ मध्ये लास व्हेगासला नौदलाच्या वैमानिकांचं ‘टेलहूक’ अधिवेशन भरलं होतं. तिथे ८३ स्त्रिया आणि ७ पुरुषांवर अतिप्रसंग झाल्याचं पेंटॅगॉनच्या चौकशीत निघालं. १९९२ च्या कायद्याने व्हीएमध्ये स्त्रियांसाठी समुपदेशनाची सोय झाली, १९९४ मध्ये ती पुरुषांनाही मिळाली.

इथे दोन खिडक्या वेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. पहिली उपचाराची. या आघाताशी संबंधित उपचार व्हीए मोफत करते. तेव्हा तक्रार केली होती का, कागद आहे का, हे विचारत नाही. दुसरी खिडकी अपंगत्वाच्या भरपाईची. पी.टी.एस.डी.सारखा मनाचा आजार नोकरीतल्या घटनेमुळे जडला असेल तर त्याच्या तीव्रतेप्रमाणे टक्केवारी ठरते आणि दरमहा करमुक्त रक्कम मिळते. पण इथे निदान लागतं, आणि घटना घडल्याला आधारही लागतो.

गाडी अडते ती इथेच. ज्याच्याकडे तक्रार करायची तोच वरिष्ठ, किंवा त्याचा मित्र. मग तक्रार होतच नाही आणि सर्व्हिस रेकॉर्ड कोरं राहतं. सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावावा, तर १९५० च्या ‘फेरेस’ निकालाने तोही रस्ता सैनिकांना जवळजवळ बंद केला आहे.

थेट खूण नाही म्हणजे घडलंच नाही, हा तर्क आपल्याला नवा नाही. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. हाच ‘मथुरा खटला’. अंगावर जखमा नाहीत या मुद्द्याला वजन देऊन सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं. त्यावर १९७९ मध्ये वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार यांनी न्यायमूर्तींना खुलं पत्र लिहिलं, देशभर चळवळ झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

व्हीएचा नियमही कोऱ्या रेकॉर्डवर थांबत नाही. पी.टी.एस.डी.च्या अशा अर्जात इतर ठिकाणचे पुरावे चालतात: डॉक्टरांची, समुपदेशकाची किंवा पोलिसांची नोंद, गर्भचाचणी, खोलीतल्या मैत्रिणीचं किंवा घरच्यांचं निवेदन. वागण्यातला बदलही पुरावा धरतात. अचानक बदलीचा अर्ज, घसरलेलं काम, दारू, विनाकारण घाबरणं, उधळपट्टी. आम्हा इंजिनियर मंडळींना हे सहज पटावं. बेअरिंग उघडून पाहता आलं नाही तर आपण मशीनची थरथर कधी वाढली ते पाहतोच की!

आता मुद्दा आपल्या घरांचा. ही थरथर कुणी टिपलेली असते? आईने. मुलीची पत्रं, ई-मेल, फोनवरचे निरोप घरीच असतात. तुमचं निवेदन २१-१०२१० या फॉर्मवर देता येतं. त्यात निष्कर्ष नको, पाहिलेलं लिहा. ‘रोज रात्री फोन करायची, मार्चनंतर महिनाभर केला नाही.’ ‘दिवाळीला आली तेव्हा दिवा लावूनच झोपायची.’ पत्र मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.

पण आपण काय करतो? ‘झालं गेलं विसर, अजून लग्न व्हायचंय’ म्हणून विषय मिटवतो. लोक काय म्हणतील या धास्तीपायी तिचा सगळ्यात जवळचा साक्षीदारच गप्प बसतो. अर्जाची फाईल गोपनीय असते. मंडळाच्या गणपतीत ती कुणी वाचणार नाही. अर्थात अर्ज करायचा की नाही, हे तिनेच ठरवायचं. आपण फक्त ‘मी आहे’ म्हणायचं.

थोडं व्यवहाराचं. अर्जाला मुदत नाही, वीस वर्षांनीही करता येतो. मात्र भरपाई साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मोजतात, म्हणून आधी २१-०९६६ हा ‘इंटेंट टू फाईल’ भरून ठेवा. त्यावर पूर्ण अर्जाला वर्ष मिळतं. अमेरिकन लीजन, डी.ए.व्ही. यांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट मदत करतात. पहिल्या अर्जासाठी कुणी फी मागितली तर उठून या, कायद्याने ती घेता येत नाही. तपासणीला स्त्री डॉक्टर हवी असेल तर तसं सांगता येतं.

आणि नकार आला तर खचू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हीएच्याच इन्स्पेक्टर जनरलने २०१७ च्या सहा महिन्यांतले असे नकार तपासले. सुमारे २,७०० पैकी १,३०० प्रकरणं नियमाप्रमाणे हाताळलीच नव्हती; पुरावा असून अनेकदा वैद्यकीय तपासणीच मागवली नव्हती. नवा पुरावा जोडून पुन्हा दाद मागता येते. मन फारच खचलं असेल तर ९८८ फिरवून १ दाबा, कुठल्याही वेळी माणूस बोलतो.

पुढच्या अंकात पुन्हा टॅक्सकडे वळू. तोवर मुलांची जुनी पत्रं रद्दीत टाकू नका.