मेलेल्या पक्ष्यांची साक्ष : रानपिंगळा, एक चोर आणि वरसाव्याची चिठ्ठी

१/ निसर्गेतिहास संग्रहालयांच्या खणांत ठेवलेले मेलेले पक्षी म्हणजे साहेबाच्या शिकारीची अडगळ, ती टाकून द्यावी, असे मत हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. हे मत अर्धे खरे आहे, म्हणूनच अधिक घातक आहे. त्याचे उत्तर खानदेशातील एका लहानशा घुबडाने दिले आहे. (धागा)

२/ १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हाच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी होता. त्यानंतरच्या दशकभरात हा पक्षी मोजक्याच वेळा मिळाला. त्यांपैकी काही नमुने १८८० च्या दशकात खानदेशातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने शहाद्याच्या परिसरात गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी जणू नाहीसाच झाला.

३/ अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर स्थळ मांडवी, गुजरात आणि साल १९१४. कर्नलची कीर्ती मोठी. १९५४ मध्ये त्याने सुमारे २० हजार पक्षी ब्रिटिश म्युझियमला दिले. मग चिठ्ठीवर संशय कोण घेणार? पक्षी अखेरचा कोठे व कधी दिसला, याचे उत्तर ही चिठ्ठी ठरवू लागली.

४/ चिठ्ठी खोटी होती. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी या नमुन्याची क्ष-किरणांसह बारकाईने तपासणी केली. कातडी एकदा उसवून नव्याने भरलेली होती आणि मूळ कारागिरीच्या उरलेल्या खुणा डेव्हिडसनच्या पद्धतीशी जुळत होत्या. खानदेशचा पक्षी संग्रहालयातून चोरून त्याला नवे गाव आणि नवे साल चिकटवले गेले होते. हा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात आला.

५/ ही लबाडी केवळ मानापमानाची नव्हती. १९१४ ची नोंद खरी मानणाऱ्यांचे लक्ष चुकीच्या जागेकडे वळत होते. ती नोंद बाजूला ठेवून जुन्या अस्सल चिठ्ठ्यांचा माग घेतला गेला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, तोरणमाळच्या पायथ्याच्या जंगलात जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी!

६/ आता ‘अडगळ’ म्हणणाऱ्यांनी सांगावे : डेव्हिडसनचे उरलेले पक्षी कोणी फेकून दिले असते, तर चोरी कशाशी ताडून उघड झाली असती? कर्नलविषयीची कुजबुज जुनीच होती. परंतु कुजबुज म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा होता तो शेजारच्या खणात शतकभर पडून राहिलेला कापूस, दोरा आणि टाका.

७/ आक्षेपाचा खरा भाग मान्य केलाच पाहिजे. मुंबईची ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’ १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी स्थापली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोनच भारतीय. सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण आरंभले. त्याचा पहिला अहवाल खानदेशचाच. त्यातील नमुन्यांचा मोठा वाटा लंडनला गेला.

८/ आणि रान ज्यांना पायाखालचे होते, पाण्याच्या जागा आणि पक्ष्यांचे आवाज ज्यांना ठाऊक होते, त्यांची नावे चिठ्ठ्यांवर सहसा आली नाहीत. हेही सत्याचे अपहरणच. मात्र त्यावर उपाय संग्रह जाळणे हा नसून चिठ्ठी पूर्ण करणे हा आहे.

९/ दुसरा आक्षेप हिंसेचा. तो हलका नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मनाला येईल तसा प्राणी मारून नमुना करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु जे आधीच मेले आहे ते नष्ट केल्याने एकही जीव परत येत नाही. ब्रिटनमध्ये जुन्या संग्रहांतील अंड्यांची कवचे तपासली, तेव्हा ती १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पातळ होत गेल्याचे १९६७ मध्ये उघड झाले. डीडीटीविरुद्धची ती मोठी साक्ष ठरली.

१०/ आता वरसावे. वसई खाडीच्या काठी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांलगतचे मीरा-भाईंदरमधील हे गाव. महामार्गावरील पुलाला इंग्रजीत ‘वर्सोवा’ म्हणतात. अंधेरीच्या वेसाव्यालाही इंग्रजीत ‘वर्सोवा’च. एक डोंगर-खाडीच्या संधीवर, दुसरे समुद्रकिनारी. एखाद्या चिठ्ठीवर फक्त ‘वर्सोवा’ लिहिलेले असेल, तर तो प्राणी कोणत्या गावचा? मांडवीचेही तसेच : एक कच्छात, एक सुरतेकडे, एक वसईत.

११/ वरसाव्याच्या पलीकडे तुंगारेश्वर, त्याच्याही पुढे तानसा. २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात रानपिंगळा आढळला, त्याच्या ज्ञात प्रदेशापासून दूर. या डोंगररांगांत कोणता जीव कधीपासून आहे, रस्ता रुंदावण्यापूर्वी कोण खाडीपर्यंत उतरत असे, या प्रश्नांना उद्या भावनेने उत्तर देता येणार नाही. तारीख आणि स्थळ असलेली नोंदच लागेल.

१२/ २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय आगीत भस्मसात झाले. २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. रिओवर जग हळहळले. दिल्लीवर आपण किती दिवस बोललो? ज्या समाजाला गडाचा चिरा ढळला तर संताप येतो, त्याला खणातील पक्ष्याविषयी उदासीन राहण्याचा अधिकार नाही. दोन्ही अस्सल साधनेच आहेत.

१३/ इतिहासाचा अभ्यासक बखरीतील तिथी पत्राशी ताडून पाहतो. तोच नियम पक्ष्यालाही लागू करावा : कोठे, केव्हा, कोणी, कोणाच्या मदतीने. मोबाइलमधील छायाचित्रालाही हीच चार उत्तरे हवीत. कर्नलने त्यांतील तीन खोटी लिहिली आणि शास्त्र अनेक दशके फसले. एकही न लिहिणारा हौशी छायाचित्रकार फसवत नाही, एवढेच. पुढच्या पिढीच्या हाती मात्र तोही काही ठेवत नाही.