घर बांधताना बायांना विचारणारी बाई

औसा तालुक्यातलं किल्लारी महाराष्ट्राला कळलं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. चार वाजायला चार मिनिटं कमी होती. गणपती विसर्जन आटोपून लोक नुकतेच अंथरुणाला टेकले होते. जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं भुईसपाट झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं घरच माणसांच्या अंगावर आलं. त्या दिवसांत मदतीला धावलेल्यांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण मदतीच्या गाड्या परत गेल्यावर जी बाई इथेच काम करत राहिली, पुढे जवळजवळ तीन दशकं, त्या प्रेमा गोपालन यांचं नाव आज औशातल्या किती कॉलेजकुमारांना सांगता येईल?

प्रेमाताईंचं काम सुरू झालं मुंबईत. १९८४ मध्ये शीला पटेल यांच्यासह त्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था उभी केली. भायखळ्याच्या फुटपाथवर संसार थाटलेल्या बायांबरोबर हे काम होतं. या बाया महापालिकेच्या लेखी नव्हत्याच, म्हणून १९८५ मध्ये फुटपाथवासीयांची मोजणी संस्थेने त्यांनाच सोबत घेऊन केली. आपली माहिती आपण गोळा करायची, थोडी का होईना बचत करायची, आणि साहेबासमोर हात जोडून नव्हे तर हातात कागद घेऊन उभं राहायचं, ही तिथली रीत. प्रेमाताई ती लातूरला घेऊन आल्या.

इथे पुनर्वसनाच्या दोन वाटा होत्या. जी गावं पूर्ण पडली, ती सरकारने आणि देणगीदार संस्थांनी नव्या जागी वसवली. जिथे घरांना तडे गेले होते, भिंती फुगल्या होत्या, तिथे लोकांनी जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं, असं ठरलं. जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या या कार्यक्रमात अनुदान हप्त्याहप्त्याने घरमालकाला मिळणार होतं. कागदावर योजना चोख होती. पण पहिला हप्ता कशावर खर्च करायचा, इंजिनिअर सांगतो तो ‘पट्टा’ म्हणजे काय, दुसरा हप्ता का अडला, हे गावात समजावून कोण सांगणार? एकेका इंजिनिअरकडे गावंच्या गावं होती.

सरकारने १९९४ मध्ये हे काम प्रेमाताईंच्या गटाकडे सोपवलं. पुढे त्याचीच ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था झाली. गावातल्या महिला मंडळांतून ‘संवाद सहाय्यक’ उभ्या करायच्या, हा त्यांचा मार्ग होता. हजाराहून अधिक गावांत हे घडलं. ज्या बाईने आयुष्यात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता, ती आता गवंड्याला विचारू लागली, की भिंतीतून आरपार जाणारे दगड बसवले का, दारं-खिडक्यांच्या वरून सलग पट्टा फिरवला का, माळवदावरची माती उतरवली का, सिमेंटच्या कामावर पाणी मारलं का. कोणाच्या घराचा हप्ता कुठे अडला याची यादी तिच्याकडे असे. ती यादी घेऊन ती तालुक्याला जाई.

हे वाचायला सोपं वाटतं. १९९४ च्या मराठवाड्यात ते सोपं नव्हतं. घर सारवायचं बाईने, चूल मांडायची बाईने, पण घर बांधायचं म्हटलं की तिला विचारायची पद्धत नव्हती. शिवाय जिने आठ महिन्यांपूर्वी आपली लेकरं मातीखालून काढली, तिच्याकडे जग केवळ दयेने पाहत होतं. वर्तमानपत्रांतल्या फोटोंत ती रडताना दिसे. प्रेमाताईंनी तिच्या हातात जबाबदारी दिली. त्यांच्या कामातली आदर वाटावी अशी पहिली गोष्ट हीच. दु:खात बुडालेल्या बाईकडे काम मागणं, तिचा सल्ला मागणं, यात तिच्याविषयी जो विश्वास आहे तो साड्या-भांडी वाटण्यात नसतो.

जिथे बायांना कोणी विचारलं नाही, तिथे काय झालं हेही याच भागात पाहायला मिळतं. नव्या जागी वसवलेल्या बऱ्याच गावांत शहरातल्या कॉलनीसारखे सरळ रुंद रस्ते आखले गेले. वाडा गेला, आळी गेली, शेत लांब पडलं, जनावरांना जागा उरली नाही. लोकांनी मग पक्क्या घराशेजारी पत्र्याची शेड टाकली, गोठे बांधले, चुली बाहेर मांडल्या. पाणी किती लांबून आणावं लागेल, म्हातारी सासू कुठे बसेल, कडबा कुठे रचायचा, हे आराखडा करण्याआधी गावच्या बाईने सांगितलं असतं.

१९९४ या सालाची आणखी एक आठवण ठेवायला हवी. राज्याचं पहिलं महिला धोरण त्याच वर्षी आलं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क देणारी कायद्यातली दुरुस्तीही महाराष्ट्राने त्याच वर्षी केली. कायदे मुंबईत झाले. बाईने चारचौघांत बोलायचं, हिशेब मागायचा, याची तालीम मात्र भूकंपग्रस्त गावांत चालू होती.

ती तालीम वाया गेली नाही. २००१ मध्ये भूज हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया कच्छला गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गेल्या. भाषा येत नव्हती, पण घर पडलेल्या बाईला आधी काय विचारायचं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! तुर्कस्तानातल्या भूकंपग्रस्त बायांशीही त्यांचं नातं जुळलं. मदत घेणारा जिल्हा दहा वर्षांच्या आत मदत शिकवणारा झाला, याचा लातूरकरांनी अभिमान बाळगायला हवा.

पुढे घरांचा प्रश्न मागे पडला आणि पाण्याचा पुढे आला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. शिवारात ऊस आणि सोयाबीन, आणि घरात डाळ-तेल-भाजी दुकानातून. दुष्काळात पैसा आटला की ताटही रिकामं. बचत गटांत बांधल्या गेलेल्या बायांनी या काळात घरच्या माणसांकडे शेताचा एक तुकडा मागितला, कुठे अर्धा एकर, कुठे एक एकर. त्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला असं मिश्रपीक, गांडूळखत, कमी पाणी. आधी घरचं भागवायचं, उरलं तर विकायचं. हे ‘एक एकर मॉडेल’ मराठवाड्यात हजारो घरांत पोचलं. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे त्याचा चेहरा झाल्या. तरुणपणीच पती गेले, पदरी दोन लहान मुलं. बचत गटात आल्या, इतर बायांना शिकवू लागल्या, परदेशांतल्या व्यासपीठांवर बोलल्या. त्यांच्या आयुष्यावर चित्रकथाही निघाली.

प्रेमाताईंना २०१८ मध्ये भारतातल्या ‘सोशल आंत्रप्रेनर ऑफ द इयर’ पुरस्काराने गौरवण्यात आलं. २०२२ मध्ये त्या गेल्या. बाहेरून आलेल्या कार्यकर्तीचं एवढं कौतुक कशाला, काम तर गावच्या बायांनीच केलं, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, त्यांनीच केलं. व्यासपीठावर गोदावरीताईंसारख्या बाया पुढे असाव्यात, अशीच या कामाची घडण होती. एवढी मोठी संस्था उभी करून तिचा चेहरा दुसऱ्यांना होऊ देणं सार्वजनिक जीवनात फार थोड्यांना साधतं.

तेव्हा औशात, लातुरात त्यांची आठवण ठेवायची तर पुतळा नको. पहिलं काम संवाद सहाय्यकांना शोधण्याचं. तेव्हा तिशीत असलेल्या बाया आता साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांनी मुलं पाठवावीत, आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात याच बायांना शिकवायला बोलवावं. दुसरं काम अवघड आहे. तो एक एकर आजही बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो. राबते ती, पण पीक विमा, कर्ज, नुकसानभरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी राज्यात लक्ष्मीमुक्ती योजना आहे. गावागावांतल्या ग्रामसभांनी त्यासाठी तलाठ्याला बोलावून एक दिवस ठरवावा, आणि येत्या ३० सप्टेंबरच्या आधी ठरवावा.