बायको न्यायची तर पगार दाखवा!

तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढायचा म्हणजे आकडा जितका लहान तितका बरा, हे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत शाळकरी पोरालाही ठाऊक असते. शिष्यवृत्ती, फी-माफी, घरकुल, सारे त्या लहान आकड्यावर अवलंबून. मुलगी लग्न होऊन विलायतेला जायची असेल, तर मात्र गाडी उलटी फिरते. जावयाची कमाई मोठी असल्याचे सिद्ध करावे लागते. ते जमले नाही, तर लग्न खरे, नवरा खरा. तरी बायको माहेरीच.

ब्रिटनने जुलै २०१२ मध्ये ही अट आणली. तिथे स्थायिक झालेल्या माणसाला परदेशातला जोडीदार न्यायचा, तर वर्षाला किमान १८,६०० पौंड मिळकत हवी. ११ एप्रिल २०२४ पासून हा आकडा २९,००० वर नेला. आपल्या हिशेबाने तीस लाख रुपयांच्या वर. त्याच महिन्यात तिथली किमान मजुरी तासाला ११ पौंड ४४ पेन्स झाली. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे राबले, तरी बेरीज २३,८०० च्या आतच. म्हणजे सरकारनेच ठरवलेल्या मजुरीवर पूर्णवेळ खपणारा माणूस सरकारच्याच लेखी बायको आणायला नालायक!

माझ्या परिचयात वरोऱ्याचे एक घर आहे. मुलगी शिक्षिका. जावई लेस्टरला हॉटेलात स्वयंपाकी, कायम वास्तव्याचा परवाना असलेला. मिळकत २६,००० पौंड. मुलीचा इथला पगार हिशेबात धरत नाहीत आणि तिथे जाऊन ती काय कमावेल, तेही धरत नाहीत. नातेवाइकाने हमी घेतो म्हटले, तरी एरवी चालत नाही. शिल्लक दाखवून तूट भरता येते. पण १६,००० पौंडांच्या वरचीच शिल्लक मोजायची आणि ती तुटीच्या अडीचपट हवी. या जावयाला साडेतेवीस हजार पौंड सहा महिने खात्यात राखावे लागतील. मुलीची आई मला म्हणाली, ‘‘भाऊ, आमची पोरगी काय तिथे नुसती खायलाच चालली का?’’

माझ्या मते सगळा वाद या एका प्रश्नात आहे. आपल्याकडे पहाटे मोहफुले वेचायला सारे घर जाते. मे महिन्यात तेंदूपाने तोडायची, पुडकी बांधायची, पावसाळ्यात रोवणी करायची; यात पोसणारा कोण आणि पोसले जाणारे कोण, हे कुणी सांगावे? गोंड समाजात तर देज द्यायला पैसा नसला, तर होणारा जावई सासऱ्याच्या शेतात काही काळ राबून ते फेडतो, अशी जुनी रीत आहे. गरीब म्हणून त्याचा संसार अडत नाही. त्या रीतीतही मुलीला काय वाटते हे विचारले पाहिजेच. पण ते असो.

येणारा माणूस सरकारी तिजोरीवर पडू नये, ही काळजी रास्त आहे. पण त्याची सोय आधीच आहे. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्याला सरकारी भत्ते मागता येत नाहीत. शिवाय आरोग्यसेवेचे पैसे आगाऊ भरावे लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून ते वर्षाला १,०३५ पौंड झाले. मग पगाराची इतकी उंच भिंत कशाला? अमेरिकेतही १९९६ च्या कायद्याने हमीपत्र घेतात, पण तिथे साधारणतः दारिद्र्यरेषेच्या सव्वापट मिळकत पुरते आणि कमी पडली तर दुसरा कुणी सहहमीदार होऊ शकतो. हे आपल्या भाऊबंदकीच्या व्यवहाराला पटण्यासारखे आहे.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये अट तत्त्वतः उचलून धरली. मुलांच्या हिताकडे मात्र नियमांत पुरेसे लक्ष नाही, असेही बजावले. माझे मागणे त्याहून साधे आहे. तिच्या कमाईचा आणि कामाचा कागदही टेबलावर घ्या.

तोवर विलायतचे स्थळ पाहणाऱ्या आईबापांनी बंगला-गाडीचे फोटो बाजूला ठेवून मुलाच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागाव्यात, आणि त्या साखरपुड्याआधी मागाव्यात.